कऱ्हाकाठची घरे

मोरगाव मागे टाकून कऱ्हा नदी बारामतीकडे निघते, तेव्हा वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि वेड्या बाभळीच जास्त दिसतात. तिच्याच काठी कऱ्हाटी, अंजनगाव, कऱ्हावागज ही गावे; मग बारामती शहर, आणि पुढे सोनगावाजवळ ती नीरेला मिळते. वाचकहो, या वाटेने तुम्ही एस.टी.ने कधी गेला असाल तर खिडकीतून पिके पाहिली असतील. आम्हा शेतीखात्यातल्या माणसांची नजरही पिकावरच जाते. पण पुढच्या खेपेला जरा घरांकडे पाहा. या मुलखात घर कसे बांधले आणि केव्हा पुरे केले, यावरून त्या घरच्या पाण्याची आणि पैशाची गोष्ट पुष्कळशी कळते.

वरच्या अंगाच्या जिरायत पट्ट्यात अजून कोठे कोठे धाब्याचे घर उभे आहे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर पाला आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा थर. ही खारी माती म्हणजे आपली चोपण माती. तिच्यात सोडियम जास्त असतो, त्यामुळे ओल लागताच मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. शेतात अशी माती निघाली की शेतकरी कपाळाला हात लावतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर या खोऱ्यात जमिनी खारवू लागल्या, आणि कृषी खात्यातले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी त्यांची पाहणी करून १९१० साली एक पुस्तिकाच लिहिली. पण जी माती वावरात वैरी, तीच छपरावर सोबती! पाणी मुरू देत नाही, हा तिचा दोषच तेथे कामाला येतो. मृगाच्या आधी नवी माती टाकून धाबे चोपले की पावसाळ्याची काळजी मिटली, असा जुना रिवाज होता.

अशा घरात वैशाखातसुद्धा दुपारी पंखा लागत नाही, हे खरे. पण म्हणून जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. धाबे फार जड असते. लाकडाला वाळवी लागली की वरचे सगळे ओझे कधी खाली येईल याचा नेम नाही. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीची छपरे अंगावर पडून हजारो माणसे गेली. तेव्हा कोणी धाबे उतरवून स्लॅब टाकत असेल तर त्याला नावे ठेवू नयेत. फक्त स्लॅबचे घर पाणी मागते, एवढे आधी ध्यानात घ्यावे.

कऱ्हाटीच्या शिवारात गेल्या चैत्रात असेच एक घर पाहिले. चार खोल्या, पुढे ओसरी, हजार चौरस फुटांचा स्लॅब. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश ठरलेला, पत्रिका छापून आलेल्या. आणि स्लॅब पडून जेमतेम पाच दिवस झालेले. विहीर तळाला गेली होती, पाणी टँकरने विकत येत होते. घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, ह्यो टँकर म्हशींना घालू, का सिमेंटाला पाजू?" प्रश्न थट्टेचा नव्हता. हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी धरायचे म्हटले तरी एका वेळेला साडेचार हजार लिटरच्या वर लागते, आणि चैत्राच्या उन्हात ते टिकतही नाही. पाणी कमी पडले तर काँक्रीट वरून कठीण दिसते, आत कच्चे राहते, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात छत गळू लागते. उन्हाळ्यात स्लॅब चौदा दिवस तरी सतत ओला हवा. भिंतींचा गिलावाही आठवडाभर भिजत ठेवावा लागतो.

त्या घरी त्या दिवशी मोठी वादावादी झाली. धाकटा भाऊ म्हणत होता, माणसे बोलावली आहेत, माघार घेता येणार नाही. थोरल्याला कर्जाचा हप्ता दिसत होता. शेवटी म्हातारे वडील बोलले. पूजा ठरल्या दिवशी पुढच्या ओसरीत करायची, पाहुण्यांना जेवण जुन्या घरापुढच्या मांडवात, आणि राहायला जायचे ते पावसाळा पाहून. स्लॅबवर मातीची आळी बांधून, गोणपाटे अंथरून, संध्याकाळी आणि पहाटे पाणी द्यायचे ठरले, म्हणजे उन्हात उडून जाणार नाही. टँकर मात्र दोन जास्त आणावे लागले. त्याचे पैसे फरशीतून कापले.

मला विचाराल तर या पट्ट्यात स्लॅब टाकावा तो कार्तिक-मार्गशीर्षात. तेव्हा विहिरीला पाणी असते, ऊन सौम्य असते, खरिपाचा पैसा हाती आलेला असतो. मग गिलावा, दारे-खिडक्या, फरशी सावकाश करीत अक्षय्य तृतीयेला निवांत राहायला जाता येते. आपल्याकडे मुहूर्त आधी ठरतो आणि पाण्याचा विचार मागून होतो.

त्याच घरी आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती बहुतेक ठिकाणी दिसते. घर सुरू करताना पैसा असतो, शेवटाला नसतो. त्यामुळे जी कामे शेवटावर ठेवाल ती राहूनच जातात. दर्शनी भिंतीला रंगीत फरशी लागलेली, पण मोरीचे पाणी कोठे जाणार याचा पत्ता नाही. स्लॅबला उतार दिलेला, पण पाणी खाली आणायला पाइप नाही. हिशेब करून पाहा. हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाकाठी ४०० मिलिमीटर पाऊस जरी पडला, तरी सदतीस हजार लिटर पाणी होते. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी तीस हजार लिटर उरते. दहा हजारांचे तीन टँकर झाले ना! पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यावे, टाकीला घट्ट झाकण असावे. टाकी भरून वाहू लागली की विहिरीजवळ खड्डा करून तेथे मुरवावे. मोरीच्या पाण्यावर दोन केळी, एक लिंबोणी, अळूचा वाफा सहज होतो. ही कामे फरशीच्या आधी उरकावीत. रंग दिवाळीला देता येतो.

बारामती ओलांडून कालव्याखाली उतरले की वेगळाच मुलूख लागतो. ऊस, केळी, काळी जमीन. येथे घराला पाण्याची वाण नाही, येथे भीती पायाची. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तुम्ही उन्हाळी भेगा पाहता, त्याच भेगा पाया वरच्यावर घेतला तर भिंतीत चढतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघतात. गिलावा करून त्या बुजत नाहीत. पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा, आणि काळी फार खोल असेल तर मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता इंजिनिअरला विचारावे; त्याची फी पुढच्या दुरुस्तीपेक्षा कमीच असते. उसाचे पाट भिंतीपासून दहा-पंधरा फूट दूर ठेवावेत. मोठे वाढणारे झाड भिंतीला खेटून लावू नये. खरे तर घरासाठी काळे वावर मोडूच नये. माळाचा मुरूम पिकाला कमी, पण पायाला पक्का. आपले जुने लोक गावठाण पांढरीवर ठेवीत आणि काळी पिकाला सोडीत.

आता भगिनींसाठी थोडे. नव्या घरात राहायला गेल्यावर ज्वारीची पोती लगेच नव्या भिंतीला लावून रचू नका. गिलाव्यातली ओल जायला काही महिने लागतात; ती पोत्यात शिरते, दाण्याला बुरशी येते, सोंडे होतात. जुन्या वाड्यांत बळद असे, कणग्या असत; त्या कोरड्या राहाव्यात म्हणून पुष्कळ खटपट करीत. खाली लाकडी फळ्या घाला, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा, धान्य दाताखाली कट् करून फुटेल इतके वाळवूनच भरा. पहिले वर्ष जुन्या घरातली एखादी कोरडी खोली धान्याला राहू दिली तर उत्तमच. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद करताना पतीबरोबर पत्नीचेही नाव लावता येते. त्याचा अर्ज पूजेच्या गडबडीत विसरू नये.

बारामतीहून भिगवणला आलो की समोर उजनीचे पाणी पसरलेले असते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले, आणि त्याआधीच्या वर्षांत इंदापूर तालुक्यातली नदीकाठची किती तरी गावे उठली. त्यांत पळसदेव एक. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे जुने हेमाडपंती देऊळ उघडे पडते आणि माणसे होड्यांतून पाहायला जातात. नवे गाव वरच्या अंगाला, सोलापूर रस्त्यालगत आहे.

नव्या घरात जायचा दिवस त्या लोकांनी मुहूर्त काढून ठरवलेला नव्हता. तो पाण्याने ठरवला. त्या गावात एका घरी मी मुद्दाम थांबलो, कारण तेथेही बांधकाम चालू होते. धरणाच्या वेळी उठून आलेल्यांनी घाईने उभे केलेले पत्र्याचे घर पाडून नातू आता स्लॅबचे घर पुरे करीत होता. आजींनी सत्तरी ओलांडलेली. त्या म्हणाल्या, "जातं, पाटा-वरवंटा अन् दाराची चौकट, येवढं बैलगाडीत घालून आणलं. बाकी भितीच व्हत्या, त्या र्‍हायल्या पान्यात." ती सागवानी चौकट भिंतीशी टेकून ठेवलेली होती. खालचा उंबरा मधोमध झिजून खोलगट झालेला, पण लाकडाला कीड नाही. नातवाने पुढच्या दाराला ग्रॅनाइटची चौकट आणली होती, आणि ही विकली तर बरे पैसे येतात असे कोणी तरी त्याला सांगितले होते. आजी काही बोलत नव्हत्या. जेवतही नव्हत्या, असे सूनबाईने मला हळूच सांगितले.

मी गेलो त्या दिवशी सुतार आला होता. त्याने चौकटीला टेप लावला. नव्या दारापेक्षा ती हातभर बुटकी भरली. पुढच्या दाराला बसणे शक्यच नव्हते. मग त्याने मागे जाऊन स्वयंपाकघरातून गोठ्याकडे निघणारे दार मोजले. तेथेही वर विटांचे दोन थर जास्त चढवावे लागणार होते, आणि उंच माणसाला वाकून जावे लागणार होते. नातू सहा फुटांचा. त्याने दारात उभे राहून मान वाकवून पाहिली, दोनदा आत-बाहेर केले, आणि मिस्त्रीला विटा काढायला सांगितले.