लबाडाला जामीन कोण?

स्थळ पाहताना मुलीचा बाप हटकून विचारतो, "मुलगा बँकेत आहे ना?" आणि तीच मुलगी तीन तास पापणी न हलवता सिनेमा पाहते तो खिसेकापूचा! आम्ही बँकेतले कारकून सिनेमात नसतो असं नाही. असतो, पण दरोड्याच्या प्रसंगी, हात वर करून.

हे खूळ सिनेमानं आणलं असं मात्र कुणी समजू नये. लग्न जमावं म्हणून उपवर मुलींना आपल्याकडे एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर' वाचायला सांगतात. त्यात नवरी ठरलेलं लग्न मोडायला स्वतः पत्र धाडते आणि नवरदेव तिला रथात घालून पळवतो! पोथी आईच आणून देते. मुलगी खरोखर रथात बसली, की अंथरूण धरते तीही आईच.

1882 साली रंगभूमीवर आलेलं 'सौभद्र' घ्या. अर्जुन संन्यासी बनून थेट बलरामाच्या घरात शिरतो. भगवी वस्त्रं पाहिल्यावर बलरामानं पुढची चौकशीच केली नाही. आम्ही निदान दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा तरी मागितला असता! पण प्रेक्षक सगळे अर्जुनाच्या बाजूचे. बलरामाची बाजू घेणारा एकटा मीच असेन.

1943 च्या 'किस्मत'मध्ये अशोककुमार सराईत चोर. कलकत्त्याच्या एका थिएटरात हा चोर तीन वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून होता. 1951 च्या 'बाजी'त देव आनंद जुगारी, आणि त्याच्यावर जीव जडतो तो चक्क डॉक्टरीणबाईंचा! एवढं शिकून काय उपयोग, असं आमच्या आईच्या पिढीनं म्हणायला हवं होतं. पण ती पिढी देव आनंदकडेच बघत होती.

आता काउंटरच्या आतून जे दिसतं ते सांगतो. आमच्याकडे कर्जासाठी एक गृहस्थ येत. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची नावानिशी विचारपूस. माझ्या मुलीचे दहावीचे मार्क माझ्याइतकेच त्यांना पाठ. तीन हप्ते वेळेवर भरले आणि स्वारी गडप! उरलेले हप्ते त्यांचे जामीनदार भरतात. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. दर महिन्याला येतात, छत्री कोपऱ्यात उभी करतात, नोटा दोनदा मोजतात. एकदा न राहवून मी विचारलं, "मास्तर, राग नाही येत?"

"येतो हो," मास्तर म्हणाले, "पण माणूस मोठा गोड होता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्टीतल्या लबाडाला जामीन असतो! अर्जुनाच्या मागे साक्षात श्रीकृष्ण उभा. 'किस्मत'मधल्या चोराला शेवटी हरवलेला बाप सापडतो, तोही श्रीमंत. लबाडी कितीही होवो, शेवटच्या रिळात लेखक सगळी थकबाकी भरतो आणि खातं बंद करतो. आपण तिकिटापुरते पैसे देऊन प्रेमात पडायला मोकळे.

जामीन काढून घेतला की काय उरतं, ते अत्र्यांनी 1962 साली 'तो मी नव्हेच'मध्ये दाखवलं. लखोबा लोखंडेही गोडच बोलतो. पणशीकरांच्या त्या बतावण्यांना आपण पोट धरून हसतो. पण साक्षीला एकेक फसवली गेलेली बाई उभी राहते, आणि हसू घशात अडकतं. सिनेमातला चोर तिच्यासाठी चोरतो. हा तिचंच चोरतो. अर्ज मात्र दोघांचे सारख्याच सुंदर अक्षरात!

परवा टीव्हीवर 'बाजी' लागला होता. आमची ही भाजी निवडता निवडता थांबली होती. मी विचारलं, "काय गं, हा जुगारी तुला सांगून आला असता तर?"

"हो म्हटलं असतं की!" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. मग एक शेंग मोडून म्हणाली, "फक्त जामीनदार म्हणून तुमची सही घेतली असती."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याविषयी इतकं प्रेमळ ती प्रथमच बोलली.