सोर्बाराचा विरळ घड

वाइन चाखण्याच्या कामात मी सगळ्यांत आधी शिकलो ते ग्लास फिरवणं. दांडीशी धरायचा, दोन-तीन वेढे द्यायचे, वास मोकळा झाला की नाक जवळ न्यायचं. लाम्ब्रुस्को दी सोर्बारा पहिल्यांदा पुढ्यात आली तेव्हाही मी तेच केलं. गुलाबी फेस भसकन वर आला, बसला, आणि मी घोट घेतला तोवर तिच्यातला अर्धा जीव उडून गेला होता. पातळ, फिकी, दात आंबवणारी. वहीत लिहिलं, ‘रंग कमी, अ‍ॅसिड फार, अंग नाही.’ गुणही तसेच दिले. ती नोंद आजही मला टोचते. तिच्यातलं निरीक्षण खोटं नव्हतं. त्यावरून मी दिलेला निकाल चुकला होता.

लाम्ब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नव्हे, ते अख्खं गोत आहे. इटलीच्या एमिलिया प्रांतात, मोदेना आणि रेज्जोच्या परिसरात त्याचे कितीतरी वाण लावतात. ग्रास्पारोस्सा गडद आणि तुरट. सालामीनोचा घड सलामीसारखा लांबोडका, म्हणून त्याचं ते नाव. सोर्बारा या सगळ्यांत फिकी आणि सगळ्यांत आंबट. १९७०–८०च्या दशकांत अमेरिकेत गोड लाम्ब्रुस्को अफाट खपली आणि जगाच्या डोक्यात तीच चव बसली. चांगली सोर्बारा बहुतेक वेळा ड्राय असते. जिभेवर साखरेचा आधार न घेता ती उभी राहते, आणि मला वाटतं तिचं मोठेपण त्यातच आहे.

सोर्बारा हे मोदेनाच्या उत्तरेचं छोटं गाव. सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांनी आणून टाकलेली वाळूमिश्रित गाळाची सपाट जमीन. मी तिथे सप्टेंबरात गेलो, काढणीच्या तोंडावर. मी दिंडोरीकडचा, द्राक्षबागेत वाढलेला. घड आधी हातात घेऊन तोलायचा ही घरची सवय. तिथला पहिलाच घड उचलला आणि हात हलकाच राहिला. चार मणी टपोरे, मध्ये मोकळी जागा, मग ज्वारीच्या दाण्याएवढे बारके मणी, पुन्हा मोकळी जागा. फुलगळ झाली की आमच्याकडे असा घड दिसतो आणि घरात दोन दिवस कोणी धड बोलत नाही. इथे मात्र ओळीच्या ओळी तशाच होत्या आणि बागवान निवांत होता.

कारण त्यानंच समजावलं. सोर्बाराचं फूल अपुरं असतं. त्याच्या परागात फळ धरवण्याची ताकद नसते, म्हणून शेजारी दुसरा वाण लावावा लागतो, बहुधा सालामीनो. त्याचा पराग वेळेवर येऊन पोचला तर मणी धरतात, फुलोऱ्यात पाऊस लागला तर आणखी गळ होते. हंगाम चांगला असला तरी घड विरळच राहतो. आम्ही दिंडोरीत गोडी छाटणीनंतर मजूर लावून, कात्री घेऊन घडाची विरळणी करतो. इथे ते काम फुलानं स्वतःच करून ठेवलेलं. मण्यामण्यांतून वारा खेळत होता. नियमाप्रमाणे या वाइनमध्ये निदान साठ टक्के सोर्बारा लागते आणि उरलेला वाटा सालामीनोचा असू शकतो. बागेतला शेजारी असा बाटलीतही शेजारी येऊन बसतो.

मग बुडबुड्यांचं. पूर्वी थंडी पडली की पिंपात आंबणं अर्धवट थांबायचं, थोडी साखर शिल्लक राहायची. वसंतात ऊब आली की बाटलीत भरलेली वाइन पुन्हा जागी व्हायची आणि तिचा वायू आतच कोंडायचा. आजही काही जण मुद्दाम बाटलीतच आंबवतात. तळाशी यीस्टचा साका राहतो, वाइन गढूळ दिसते. बहुतेकांचं काम बंद टाकीत होतं. फेदेरिको मार्तिनोत्तीनं १८९५ मध्ये आस्तीला ती पद्धत बसवली. अशा हलक्या फसफसत्या वाइनचा दाब एक ते अडीच बार, शॅम्पेनचा पाच-सहा. एवढा हलका वायू फिरवण्याचा मार सोसत नाही. मी आता ग्लास फिरवत नाही. बारा अंशांच्या आसपास थंड केलेली वाइन हळू ओततो, फेस आपला आपण बसू देतो. वायू आणि गारवा, दोन्हींनी तुरटपणा बोचरा होतो. लाल वाइन फसफसती करणं अवघड, ते त्यामुळेच. सोर्बाराच्या सालीत तुरटपणा मुळात थोडा. मी जिला ‘अंग नाही’ म्हणालो होतो, तिच्या त्या हलकेपणातच बुडबुड्यांना जागा मिळते.

हे मला नीट उमगलं ते जेवणाच्या टेबलावर. न्योक्को फ्रित्तो म्हणजे डुकराच्या चरबीत तळलेली, पुरीसारखी फुगलेली चौकोनी कणीक. ती गरम असतानाच वर मोर्तादेल्लाची पातळ चकती घालतात, चकतीतली चरबी पाघळते. एक घास खाल्ला, जीभ तेलानं मढली. वर सोर्बाराचा घोट. बुडबुड्यांनी चरबी सोडवली, आंबटपणानं ती धुऊन नेली, आणि जीभ पुढच्या घासाला कोरी. मासळीचं तिखट जेवण झाल्यावर सोलकढी जे करते, त्याच जातीचं काम. या वाइनला रिकाम्या तोंडी, थुंकदाणी शेजारी ठेवून गुण देणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं मी आता शिकवायला उभा राहिलो की स्पष्ट सांगतो.

एक साक्याची बाटली घरी आणली. दिवसभर उभी ठेवली. पहिला ग्लास निवळ आला, धारदार. शेवटचा गढूळ, पावाच्या कणकेचा वास असलेला, आंबटपणा जरा गोलावलेला. वहीत रास्पबेरी, व्हायोलेट असं लिहू लागलो. पुस्तकातून पाठ केलेले शब्द, लहानपणी ना ते फळ पाहिलं ना ते फूल.

अण्णा समोर बसले होते. ते माळकरी, वायनरीला द्राक्षं घालतात पण थेंब घेत नाहीत. मी घडाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

“गळ झालीय. शेजारची ओळ कशाची?”

मी सालामीनोचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, मग ग्लास हातात घेतला, न फिरवता नाकाशी धरला, बराच वेळ.

“करवंद,” ते म्हणाले. “पिकलेलं नाही. तांबडं झालेलं.”

मी रास्पबेरी खोडली आणि ते लिहून घेतलं.