मोत्याची तहान

औरंगपुऱ्यांतील आमचें घर जुनें, माणसें पुष्कळ आणि पाण्याची टांकी लहान. त्या वर्षीं नळास पाणी रोज येत नसे. येईल त्या दिवशीं घरांतील लहानथोर सारीं हंडे-कळशा भरण्यास लागत. अशा घरांत पाण्याचा हिशेब सर्वांस तोंडपाठ असतो. म्हणूनच आमचा मोत्या पूर्वींपेक्षां फार पाणी पिऊं लागला आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती आईच्या. “ह्या कुत्र्याच्या पोटांत विहीर आहे कीं काय?” असें ती एके दिवशीं म्हणाली, आणि आम्ही सारे हंसलों.

मोत्या तेव्हां अकरा वर्षांचा होता. त्याची भूक वाढली होती, पोट नगाऱ्यासारखें सुटलें होतें, पाठीच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ झाले होते आणि ऐन थंडींत तो जीभ बाहेर काढून धापा टाकी. म्हातारपण, असें म्हणून आम्हीं ह्या सर्वांची बोळवण केली. पुढें तो रात्रीं माजघरांत घाण करूं लागला, तेव्हां आम्हीं त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीनें दोनदां मारलेंही. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. परंतु जें घडलें तें लपविण्यांत अर्थ नाहीं.

अखेर ज्या पशुवैद्य बाईंकडे आम्ही गेलों, त्या वयानें तरुण पण विचारण्यांत फार चौकस निघाल्या. त्यांनीं औषध देण्यापूर्वीं आम्हांसच काम दिलें: चोवीस तासांत मोत्या किती पाणी पितो तें मोजावें. त्याचें वजन बारा किलो. दर किलोमागें शंभर मिलिलिटरांहून अधिक पाणी कुत्रा रोज पिऊं लागला, तर कांहीं तरी बिघडलें असें समजतात. मोत्या दोन लिटर पाणी प्याला होता.

बाईंचा दुसरा प्रश्न मात्र घरांत वादळ उठविणारा ठरला. “ह्याला कसलें मलम किंवा गोळ्या चालू आहेत काय?” वहिनी हळूच म्हणाल्या, “कानाला खाज म्हणून मी चार-पांच महिने एक मलम लावतें आहें.” मलमांत स्टेरॉइड होतें. असें औषध बहुत दिवस अंगांत मुरलें, तर नेमकीं हींच लक्षणें उद्भवतात, असें बाईंनीं सांगितलें. आणि लगेच असेंही सांगितलें कीं, तेंच कारण असेल असें मात्र नाहीं. पण घरीं येईपर्यंत पहिलें वाक्य तेवढें उरलें. आई त्या दिवसापासून वहिनींशीं तुटक बोलूं लागली. दादा गप्प झाले. आणि आम्हींही मनांतल्या मनांत निकाल देऊन टाकला होता.

खरें काय तें ठरविण्यासाठीं ज्या तपासण्या झाल्या, त्यांची रीत मोठी समजून घेण्यासारखी आहे. मूत्रपिंडाच्या शेजारीं अधिवृक्क नांवाच्या दोन लहान ग्रंथि असतात. त्या कॉर्टिसॉल नांवाचें संप्रेरक बनवितात. त्यांना हुकूम येतो तो मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून. बाईंनीं हें आईला तिच्याच भाषेंत सांगितलें: “आजी, पीयूषिका म्हणजे सासूबाई, आणि ह्या दोन ग्रंथि म्हणजे स्वयंपाकघरांतल्या दोन जावा. पान भरलें कीं सासूबाई ‘आतां पुरे’ म्हणतात आणि चुलींतलीं लाकडें मागें ओढलीं जातात. ह्या रोगांत लाकडें ओढलींच जात नाहींत.” शंभरांतल्या सुमारें ऐशीं-पंचाऐशीं कुत्र्यांत दोष सासूबाईंचा, म्हणजे पीयूषिकेंतील गांठीचा असतो, उरलेल्यांत एखाद्या अधिवृक्क ग्रंथींतच गांठ झालेली असते. माणसांतील ह्या रोगाचें वर्णन हार्वे कुशिंग ह्या अमेरिकन शल्यवैद्यानें १९१२ सालीं केलें, म्हणून कुत्र्यांतील रोगासही त्याचेंच नांव मिळालें.

रक्ताच्या साध्या तपासणींत साखर व मूत्रपिंडाचे आंकडे ठीक निघाले. अल्कलाइन फॉस्फटेज नांवाचें द्रव्य मात्र फार वाढलेलें होतें. तें इतर कारणांनींही वाढतें, म्हणून तेवढ्यावर निकाल देतां येत नव्हता. नंतर मलम बंद करून कांहीं आठवडे थांबावें लागलें. त्या अवधींत सकाळचें मूत्र घरींच धरून आणण्याचें काम आमच्याकडे आलें. दवाखान्यांत कुत्रें भेदरतें आणि नुसत्या भीतीनेंही कॉर्टिसॉल वाढतें. आम्ही उजाडतांना हातांत डाव घेऊन मोत्यामागें अंगणांत फिरत होतों, आणि तो डाव पुन्हां स्वयंपाकघरांत येतां कामा नये, असें आई खिडकींतून बजावीत होती! ह्या तपासणीचा आंकडा साधा आला असता तर रोग जवळजवळ नाहींच असें म्हणतां आलें असतें. तो वाढलेला आला. पण त्यानेंही रोग सिद्ध होत नाहीं. दुसऱ्या कोणत्याही दुखण्यांत तो वाढूं शकतो.

मग वहिनींच्या आरोपाची तपासणी झाली. पीयूषिकेचा हुकूम नेणारें संप्रेरक कृत्रिम रीतीनें टोंचावयाचें आणि आधीं व एका तासानें रक्त घ्यावयाचें. बाहेरच्या स्टेरॉइडनें रोगाचा भास झाला असेल, तर आळसावलेल्या ग्रंथि हुकूम मिळूनही उठत नाहींत आणि कॉर्टिसॉल खालींच राहतें. मोत्याचें तें पुरतें वर चढलें. म्हणजे दोष मलमाचा नव्हता. बाईंनीं हें वहिनींच्या समोरच सांगितलें. आई कांहीं बोलली नाहीं; मात्र त्या संध्याकाळीं तिनें स्वतः चहा केला आणि पहिला पेला वहिनींच्या हातीं दिला. आमच्या घरांत क्षमा अशीच मागितली जाते. आमचा पेला त्या दिवशीं आम्हांस फार कडू लागला.

तथापि गांठ आहे कीं नाहीं हें ह्या तपासणीनें कळत नाहीं; अधिवृक्क गांठीच्या बऱ्याच कुत्र्यांत ती निर्दोष येते. म्हणून एका रविवारीं मोत्या दिवसभर दवाखान्यांत राहिला. डेक्सामेथासोन ह्या कृत्रिम स्टेरॉइडची अगदीं थोडी मात्रा, दर किलोस एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, शिरेंतून दिली, आणि रक्त तीनदां घेतलें: आधीं, चार तासांनीं व आठ तासांनीं. निरोगी कुत्र्याची पीयूषिका ह्या औषधास फसते, पान भरलें असें समजून हुकूम थांबविते, आणि कॉर्टिसॉल खालीं जातें. चार तासांनीं खालीं जाऊन आठ तासांनीं पुन्हां चढलें, तर संशय पीयूषिकेवर जातो. मोत्याचें तिन्ही वेळां जवळजवळ तेंच राहिलें. रोग आहे हें आतां जवळजवळ निश्चित झालें. पण कोठें, हें अद्यापि नाहीं, कारण पीयूषिकेची गांठही कधीं कधीं अशीच हट्टी असते.

शेवटचा उलगडा दोन गोष्टींनीं झाला. हुकमाचें संप्रेरक रक्तांत मोजलें तें फारच कमी निघालें. तें इतकें नाजूक असतें कीं, रक्त प्लास्टिकच्या नळींत घेऊन ताबडतोब थंड ठेवावें लागतें, नाहींतर आंकडा फसवा येतो. ग्रंथि आपल्याच हिंमतीवर कॉर्टिसॉल ओतीत असली कीं पीयूषिका अबोल होते. आणि ध्वनिलहरींच्या चित्रांत डाव्या बाजूस सुपारीएवढी गांठ दिसली. उजवी ग्रंथि, जिला कित्येक महिने हुकूमच नव्हता, ती वाळून बारीक झाली होती. ती गांठ ग्रंथीच्या गाभ्यांतली, अॅड्रिनलिन ओतणारी तर नव्हे ना, हेंही बाईंनीं मनांत धरलें होतें; त्या गांठीचा माग मूत्रांतील मेटानेफ्रिन मोजून काढतात. मोत्याचा रक्तदाबही त्यांनीं तपासला. कॉर्टिसॉलची साक्ष मात्र इतकी स्पष्ट होती कीं तेथवर जावें लागलें नाहीं.

परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं सुरू झालें. आमच्या मराठवाड्यांतही परभणीस असें महाविद्यालय आहे. तरीही एका कुत्र्यासाठीं इतका खटाटोप कशाला, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें. वाचकांच्याही मनांत तें आलें असेल. आमचें उत्तर एवढेंच कीं, खटाटोप केला नसता तर आमच्या घरांत एका निरपराध बाईवरचा आरोप जन्मभर राहिला असता, आणि एका मुक्या जिवाची तहान आम्हीं खोडी म्हणून मारून काढली असती.

शस्त्रक्रियेनें अशी गांठ काढतां येते. परंतु तींत धोका मोठा, आणि अशा गांठींपैकीं सुमारें निम्म्या कर्करोगाच्या असतात. तीन रात्रीं घरांत विचार झाला. शेवटीं दादांनीं ‘त्याला टेबलावर नको’ असें म्हटलें आणि ट्रायलोस्टेन ह्या औषधावर मोत्याला ठेवावयाचें ठरलें. हें औषध कॉर्टिसॉल बनण्यास आळा घालतें, गांठ घालवीत नाहीं, हें बाईंनीं स्वच्छ सांगितलें होतें. औषध फार झालें तरी जीव धोक्यांत येतो, म्हणून मधून मधून तीच हुकमाची चाचणी पुन्हां करावी लागे. तीन आठवड्यांत मोत्याचें पाणी एक लिटरच्याही खालीं आलें.

तो आणखी तेरा महिने जगला. माजघरांत त्यानें पुन्हां एकदांच घाण केली, अगदीं शेवटच्या रात्रीं. आम्ही उठलों तेव्हां आई आधींच फडकें घेऊन खालीं बसली होती, आणि शेजारीं वहिनी वाटींतून त्याला पाणी पाजीत होत्या.