टक् आणि टकटक



नोकरी, शेती आणि संसार सांभाळून तुम्ही पदवीचा अभ्यास करता. संपर्कसत्राच्या दिवशी पहाटे दारातले जुने वाहन बाहेर काढताना ते सुरू होईल की नाही, ही धास्ती तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. म्हणून या पुस्तिकेत मी माझ्या जुन्या ओम्नीची हकिगत सांगणार आहे. भाषाविज्ञानाच्या वर्गात जे मी पंचवीस वर्षे शिकवीत आलो, ते या गाडीने मला नव्याने शिकविले आणि त्याचे शुल्कही रोख वसूल केले.

ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली आणि १९८८ मध्ये तिचे नाव ‘ओम्नी’ झाले. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली, मागच्या चाकांना गती आणि बाजूला सरकणारी दारे, अशी तिची साधी रचना. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी तिचे इंजिन मारुती ८००च्या कुळातले असल्यामुळे सुटे भाग अजून स्वस्तात मिळतात. २००८ सालची अशी एक गाडी मी २०१६ मध्ये पंचाण्णव हजारांना घेतली. आईचे गुडघे दुखत, अनसिंगहून वाशीमला दवाखान्यात जाण्यासाठी एसटीच्या पायऱ्या चढणे तिला जमत नसे. गाडी घेण्याचे कारण तेवढेच होते.

पहिल्याच वर्षी गाडी एक विशिष्ट आवाज करू लागली. मी ती शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली आणि सांगितले, “गाडी उचलताना आवाज करते.” तेथे क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलण्यात आली. मजुरीसह चार हजार दोनशे रुपये झाले, पण आवाज होता तसाच राहिला. शेवटी अनसिंगच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला विचारले, “सर, टक् असं एकखेपच वाजते, का टकटक वाजत राह्यते?”

मी थबकलो. आवाज एकदाच होत होता. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की ‘टक्’, आणि मग शांतता. मिस्त्री गाडीखाली शिरले, प्रोपेलर शाफ्टला हात घालून त्यांनी तो हलविला आणि त्याचा क्रॉस झिजल्याचे सांगितले. नवा क्रॉस बसवून साडेसहाशे रुपयांत काम झाले.

मित्रहो, अनुकरणवाचक शब्दांचा अभ्यास तुम्ही केला आहे. ‘टक्’ म्हणजे एक घटना, ‘टकटक’ म्हणजे तिची आवृत्ती, ‘टकटकाट’ म्हणजे त्या आवृत्तीचा अतिरेक. वर्गात हा मला शब्दसिद्धीचा नियम वाटत असे. मिस्त्रींच्या हाती तो निदानाचा नियम होता. जोर बदलताना एकदाच वाजणारा ‘टक्’ सांध्यातील सैलपणा दाखवितो. उभ्या गाडीतही इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी ‘टकटक’ बहुधा टॅपेटची असते. ती जुळवून घेण्यास तीन-चारशे रुपये पुरतात. रस्त्यावरील वेगाबरोबर चढत जाणारी ‘घरघर’ चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखविते; तेथे मला आठशे लागले. खड्ड्यातून जाताना ‘कुरकुर’ झाली तर रबरी बुश पाहावेत. सकाळी गाडी सुरू होताना ‘चीं’ असा आवाज आला तर फॅनबेल्ट सैल असतो. तो ताणण्याचे मिस्त्रींनी माझ्याकडून काहीच घेतले नाही. सरकत्या दाराची ‘खडखड’ त्याच्या झिजलेल्या रोलरमुळे होते. तिने डोके दुखते, गाडी अडत नाही.

काही भाग मात्र बोलतच नाहीत. टायमिंग बेल्ट पुष्कळदा कोणतीही सूचना न देता तुटतो. त्याच्यासाठी कान उपयोगाचे नाहीत. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर तो बदलला, हे लिहून ठेवावे लागते. तेव्हापासून गाडीत एक वही आहे.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. २०१९ च्या मे महिन्यात आईला घेऊन वाशीमला निघालो होतो. ती नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी, म्हणजे इंजिनाच्या वरच बसली होती. अनसिंग सोडून थोडे पुढे आलो असू. ती म्हणाली, “बाबू, हे सीट तव्यावानी तापलं. अन् खाली सापावानी फुसफुसून राह्यलं काहीतरी.”

“आई, ऊन किती आहे! इंजिन आहे ते, तापणारच,” असे म्हणून मी गाडी चालवीत राहिलो. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच सांगितले. मी उत्तरही दिले नाही. पुढे दोन-तीन किलोमीटरवर सीटखालून वाफ उसळली आणि गाडी थांबली. इतका वेळ मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलेच नव्हते.

रेडिएटरचा एक पाइप चिरला होता आणि पाणी निघून गेले होते. पाइपाची किंमत एकशे ऐंशी रुपये. पण कोरडे इंजिन तसेच पळविल्यामुळे गॅस्केट जळले आणि हेड वाकले. हेड सपाट करून घेणे, गॅस्केट, ऑइल, कूलंट आणि मजुरी मिळून आठ हजार सातशे रुपये झाले. आणखी काही अंतर गेलो असतो तर इंजिन जाम होऊन खर्च पंचवीस हजारांवर गेला असता, असे मिस्त्री म्हणाले. पैशांचे दुःख पुढे ओसरले. त्या उन्हात आई रस्त्याकडेच्या लिंबाखाली दोन तास बसून राहिली, ते मात्र ओसरलेले नाही.

मिस्त्रींना मी आईचे शब्द सांगितले, तेव्हा ते लगेच म्हणाले, “मायनं पाइपच सांगितला होता न, सर.” तिच्या एका वाक्यात ताप आणि गळती ही दोन्ही लक्षणे आली होती, तीही ज्याच्या त्याच्या उपमेसह. बोलीतील अर्थच्छटांवर मी व्याख्याने देतो. पण शेजारी बसून बोललेली बोली मी ऐकली नव्हती. तिला गाडीतले काय कळते, असे मी गृहीत धरले होते.

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. १ एप्रिल २०२२ पासून अशा मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा. गाडी काढून टाकावी, असे घरात बोलले गेले. मी वहीतील खर्चाची बेरीज केली. सर्वांत मोठ्या दोन रकमा गाडीच्या म्हातारपणाच्या नव्हत्या. एक माझ्या अपुऱ्या वर्णनाची होती, दुसरी माझ्या न ऐकण्याची. मी पुनर्नोंदणी करून घेतली.

मिस्त्रींकडे जाल तेव्हा नुसते ‘गाडी बिघडली’ असे सांगू नका. आवाज कधी होतो, एकदा की पुन्हापुन्हा, कोणत्या वेगाला आणि कशासारखा, हे आपल्या घरच्या शब्दांत सांगा. शेजारी बसलेल्यालाही विचारा.

आई आजही पुढेच बसते. ती “बाबू, पाह्य बरं” म्हणाली की मी गाडी कडेला घेतो. बहुतेक वेळा दाराची खडखडच असते.