गोल बाजार, आठवा महिना आणि माहेरची वाट

रायपूरच्या मालवीय रोडवरून गोल बाजाराच्या गल्ल्यांत शिरलात, की किराण्याच्या दुकानांत डिंक, सुंठ, खारीक दिसते आणि बाळंतपण आठवतं. आठव्या महिन्यात नागपूरला माहेरी जावं का, हा प्रश्न तुमच्याही घरी असेल. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, रेल्वेने पाचेक तास. पण आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब वाढलेला, रक्तस्राव, वार खाली किंवा जुळी असतील, तर रायपुरातच थांबलेलं बरं. परवानगी मिळाली, तर ३६ आठवड्यांच्या आत निघा. गर्भवतींच्या कोट्यातून खालचा बर्थ मागा, फाईल हाताशी ठेवा, अधूनमधून पाय मोकळे करा. जमलं नाही, तर आईलाच इकडे बोलवा. लाडवांचं सामान गोल बाजारात आहेच!