पहिली तारीख

३१ मार्च २०१७ च्या संध्याकाळी मी चर्चगेटहून विरार गाडी पकडली, तेव्हा खिशातला मासिक पास अजून नऊ दिवस चालणार होता. एकोणीस वर्षे ज्या कार्यालयात नोकरी केली तेथले ओळखपत्र मात्र मी दुपारीच परत केले होते. निरोपाची शाल, नारळ आणि सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेले घड्याळ पिशवीत होते. निवृत्तीला चौदा वर्षे बाकी असलेल्या माणसाला घड्याळ का द्यावे, असा विचार येऊन मला हसू आले. वसई जवळ येऊ लागली तसे ते हसू मावळले. घरी आईला अद्याप काहीच सांगितले नव्हते.

आमचे गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, बागायतीचे. माझ्या आईने तीसेक वर्षे पहाटेच्या गाडीने मोगरा, सोनचाफा आणि वाडीतली भाजी दादरच्या बाजारात नेली. लग्नसराईत फुलांना भाव येई, पावसात तो कोसळे. तुला महिन्याला किती सुटतात, असे कोणी विचारले तर तिच्यापाशी उत्तर नसे. म्हणूनच मुलाला पहिल्या तारखेचा पगार मिळावा, ही तिची मोठी आस होती. १९९८ साली माझे पहिले वेतन हाती आले, तेव्हा तिने ते पाकीट न उघडता येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे ठेवले आणि सर्वांना गुडघ्यावर बसवून प्रार्थना केली.

अशी नोकरी मी का सोडली? कार्यालयाबद्दल माझी तक्रार नव्हती. मात्र रोजचे चार तास प्रवासात जात, आणि रात्री जेवणानंतर मी भाषांतराची कामे करीत असे. त्यांत औषधांच्या चाचण्यांची माहितीपत्रके असत. एखादे नवे औषध माणसांवर तपासायचे झाले, तर सहभागी होणाऱ्या रुग्णाला सारी माहिती त्याच्या भाषेत देऊन त्याची लेखी संमती घ्यावी लागते. मराठी मजकुराचे दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत भाषांतर करवून अर्थ ढळला नाही ना, हेही ताडून पाहतात. दिवसभराच्या कामात माझी जागा कोणीही घेऊ शकला असता. रात्री मात्र वाटे की, माझ्या एका चुकीच्या शब्दामुळे कोणी अजाण माणूस नको त्या कागदावर अंगठा उठवील.

हिशेबही मांडला होता. अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये होते. ग्रॅच्युइटीच्या नियमाने त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की दर वर्षाचे १५,००० होतात. एकोणीस वर्षांचे २,८५,००० झाले. भविष्य निर्वाह निधी निराळा. पत्नीची शाळेतली नोकरी होती, हेही मान्य केले पाहिजे. तिच्या पगाराचा आधार नसता, तर माझे धाडस मनातच राहिले असते.

रात्री रोझरी झाल्यावर मी आईला सांगितले. ती बराच वेळ जपमाळ हातात घेऊन बसली. मग आमच्या बोलीत तिने एवढेच म्हटले, की तुझ्या डोक्यावर टोपली येऊ नये म्हणून मी ती वाहिली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. तिला धीर द्यावा, असे काहीही माझ्यापाशी नव्हते.

पहिल्याच वर्षी तिची भीती खरी ठरू लागली. पहिली तारीख येई आणि जाई. जे पैसे येत त्यातून दहा टक्के कर आधीच कापलेला असे. हिवाळ्यात परगावच्या एका मध्यस्थ संस्थेने मोठे काम दिले. पाच आठवडे मी दुसऱ्या कोणाचे काम घेतले नाही. देयक १,१२,००० रुपयांचे झाले. साठ दिवसांनी पैसे मिळायचे होते; साठाचे नव्वद झाले, आणि पुढे तिकडून दूरध्वनी उचलणेही बंद झाले. मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क पत्नीने भरले. त्या काळात मी मिस्साला जात असे. पण माझी प्रार्थना प्रार्थना नव्हती, ती तगाद्याची पत्रे होती.

एका संध्याकाळी आईने अचानक विचारले, “गिऱ्हाइके किती तुझी?”

“तीन,” मी म्हणालो, “पण निम्म्याहून अधिक काम एकाचेच.”

इतक्या महिन्यांनी ती प्रथमच मोकळेपणाने हसली. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला घालणारा माणूस आपली वाडीच त्याला देऊन बसतो, असे ती म्हणाली. मग त्या चौथी शिकलेल्या बाईने मला माझा धंदा शिकवला. नव्या माणसाला उधारी द्यायची ती एका टोपलीची. ते पैसे आल्यावाचून दुसरी टोपली उतरवायची नाही. हातात पैसे आले की प्रथम बियाण्याचे बाजूला काढायचे, मग गाडीच्या पासाचे, आणि उरेल त्यात घर चालवायचे. चांगल्या दिवसाच्या कमाईवर संसार बेतायचा नाही, वाईट दिवसाच्या कमाईवर बेतायचा. हे सारे तिला कोणी शिकवले नव्हते. मीच दोन दशके पगाराच्या सावलीत बसून ते विसरलो होतो.

तिच्या शहाणपणाला मी कायद्याची जोड दिली. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. नोंदणीला शुल्क नाही. मी ती केली. पण जुन्या देयकाला तिचा उपयोग नव्हता. ते १,१२,००० रुपये शेवटपर्यंत आले नाहीत.

त्याच वर्षी एका रविवारी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचला गेला. आजवर मी तो पगारदाराच्या कानांनी ऐकत आलो होतो. पहाटेपासून राबलेल्यांना आणि तासभर काम केलेल्यांना सारखीच मजुरी, हे मला मनातून खटकत असे. त्या दिवशी प्रथमच माझे लक्ष दिवस कलेपर्यंत बाजारात उभ्या राहिलेल्यांकडे गेले. ते आळशी नव्हते; त्यांना कोणी कामाला लावलेच नव्हते. घरी मुलांना मात्र भाकर पूर्ण दिवसाचीच लागणार होती. मळ्याच्या मालकाने तेवढे पाहिले.

स्टेशनाजवळच्या नाक्यावर सकाळी थापी, घमेले घेऊन उभे असलेले मजूर मला आठवले. गाडी गाठण्याच्या घाईत एकोणीस वर्षे मी त्यांना वळसा घालून गेलो होतो. मी नोकरी सोडली ती माझ्या इच्छेने, गाठीला रक्कम बांधून. त्यांच्यापाशी सोडण्यासारखे काहीच नव्हते. मजुरी ही काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाच्या निर्वाहाला पुरेल एवढी असावी, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले. मी ते वाचले होते. तरी घराची डागडुजी करणाऱ्या गवंड्याला शनिवारपर्यंत थांबवीत असे. आता त्याचे पैसे दिवस मावळण्यापूर्वी देतो. यात माझा मोठेपणा नाही. थांबणे म्हणजे काय, ते मला आता ठाऊक आहे.

आज हे काम सोपे झालेले नाही. यंत्राने केलेले भाषांतर तपासून देण्याची कामे वाढली आहेत आणि त्यांचा दर कमी असतो. तरुण मुले सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगत नाही. सहा महिन्यांचा खर्च साठवला का, नोकरीबरोबर कार्यालयाचा आरोग्य विमा जाईल तेव्हा स्वतःचा घेतला का, आणि घरच्यांना सांगितले का, असे तीन प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांची मान खाली जाते.

आई २०२२ साली देवाघरी गेली. शेवटच्या वर्षांत मी एखादे अवघड वाक्य तिला वाचून दाखवीत असे. एकदा ‘यादृच्छिक पद्धतीने’ या शब्दांपाशी तिने मला थांबवले. कोणत्या रुग्णाला नवे औषध आणि कोणाला जुने, हे डॉक्टर स्वतः निवडत नाहीत, असे मी समजावले. “म्हणजे चिठ्ठ्या टाकतात तसे?” ती म्हणाली, “यहूदाच्या जागी मथियाला निवडला, तसेच ना?” मी तो शब्द खोडला आणि ‘चिठ्ठी टाकल्याप्रमाणे’ असे लिहिले.

त्या कामाचे पैसे आले तेव्हा मी ती रक्कम तिला सांगितली. तिने तारीख विचारली. सतरा तारीख होती. ती उठली, तसबिरीपुढची मेणबत्ती लावली आणि म्हणाली, “आधी बियाण्याचे काढ.”