पिंप भरेपर्यंत

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी हॉस्टेलवर नाइट मारून काढली. पेपरच्या आदल्या रात्री सगळं घोकायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विसरायचं. नोकरीत असताना गेटचा अभ्यास सुरू केला तेव्हा मात्र रंगीत टाइमटेबल बनवलं: रोज रात्री नऊ ते अकरा. पण नऊला हमखास प्रॉडक्शनवर काहीतरी कोसळायचं, नाहीतर मीच कोसळायचो. फेब्रुवारीत कटऑफही पार झाला नाही. इंजिनिअरिंग मॅथ्सचे 13 गुण तर मी सोडूनच दिले होते.

त्याच मे महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पहाटेचं पाणी भरणं माझ्याकडे आलं. आमच्या नळाला साडेपाचला पाणी येतं. 200 लिटरचं पिंप भरायला पंचवीसेक मिनिटं लागतात. नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून मोरीच्या दाराशी स्टूल टाकून लिनिअर अल्जेब्राची वही उघडली.

फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास केला. त्यातून 25 मिनिटांची पोमोडोरो पद्धत आली. तिची ॲप्स माझ्या फोनवर होतीच. पण ॲप पुढे ढकलता येतं, नळ ढकलता येत नाही.

गुरुवारी पाणी बंद. सुरुवातीला त्याची भरपाई म्हणून शुक्रवारी दुप्पट करायला जायचो आणि शनिवारही बुडायचा. मग वसुली सोडून दिली. एबिंगहाउसने 1885मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की, एकाच दिवशी रेटण्यापेक्षा उजळणी काही दिवसांत विभागली तर कमी आवर्तनांत पाठ होतं. माझ्या हॉस्टेलच्या चार वर्षांचा निकाल त्यात आधीच लागला होता.

दुसऱ्या खेपेला पात्र ठरलो. हव्या त्या प्रवेशाइतका स्कोअर नाही. पुन्हा बसणार आहे.

दहावीत मी पहाटे उठून अभ्यास करायचो, म्हणून नातेवाइकांत शिस्तीचा मुलगा होतो. आता आठवतं, नळ सोडून आई मला हाक मारायची आणि पिंप भरलं की चहा टाकायची. हॉस्टेलवर गेल्यावर माझी शिस्त गेली असं मी समजत होतो. ती माझी नव्हतीच.

गुडघा बरा झाल्यावर आई म्हणाली, "उद्यापासून मी उठते, तू झोप."

म्हटलं, "नको. तू फक्त चहा टाक."